कोरा थेंब

दिराने जाम झालेली चेनसॉ करवत टेबलावर आदळली, तशी दुकानाची किल्ली उडून खाली पडली. त्याने ती उचलून स्वतःपुढे ठेवली.

"तक्रार लिहून आणलीय," तो म्हणाला. "वहिनीने बाहेरचा स्वस्त पिस्टन घातला. तासाभरात इंजिन जाम. तक्रार खरी ठरली की दुकान माझं. घरात ठरलंय."

वहिनी उभीच होती. नवरा गेल्यापासून तिने हे करवत-दुरुस्तीचं दुकान एकटीने पेललं होतं. बोटांच्या रेघांत काळं तेल मुरलं होतं, गोंदल्यासारखं.

लाकूडतोड्यांच्या संघाचे तपासनीस खुर्ची ओढून बसले. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत.

"पिस्टन बाहेरचाच?"

"बाहेरचाच. कंपनीचा मिळत नाही आता. तीन मागवले, मापं घेतली, दोन परत केले. हा एक पास झाला."

"मुलगी बघितल्यासारखा बघितला म्हणे," दीर म्हणाला.

"मुलीपेक्षा नीट बघितला, भाऊजी. घरात आलेली माणसं कुठे मोजून घेता येतात?"

भिंगकाकांनी इंजिन उघडलं. पिस्टनवरचा बाण धूर सोडणाऱ्या तोंडाकडे. बरोबर. पिनेच्या दोन्ही कड्या जागेवर. ओरखडे मात्र चहूबाजूंनी, मांजराने फिरवून फिरवून ओरबाडावं तसे.

"टाकी कुणी भरली?"

"मी. हिनेच ऑइल मिसळून दिलेल्या डब्यातून."

"किती वेळा?"

"एकदाच."

"जाम झाल्यावर?"

"माझ्याच गाडीत होती. कुणाला शिवू दिली नाही."

काकांनी टोपण काढलं. पेट्रोल निळसर, काठोकाठ. त्यांनी तक्रारीचा कागद उलटा केला. टाकीतला एक थेंब त्यावर सोडला. मग कार्बोरेटर खोलून त्यातला एक, शेजारी. कागद खिडकीतल्या उन्हात धरला.

पहिल्या थेंबाचा तेलकट डाग राहिला, आरपार उजेड दिसेल असा. दुसरा उडून गेला. मागे कोरा कागद.

"या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच," काका म्हणाले. "तू नुसतं पेट्रोल घातलंस, म्हणून पिस्टन चारी अंगांनी सोलला. मग तू टाकी रिकामी करून वहिनीच्या डब्यातलं भरलंस, म्हणजे दोषाचं बोट पिस्टनकडे जाईल. पण जाम इंजिन थेंबभरही ओढत नाही. तुझ्या नुसत्या पेट्रोलचा शेवटचा घोट कार्बोरेटरमध्ये तसाच राहिला. आणि तासभर चाललेल्या करवतीची टाकी काठोकाठ? झरा लागलाय का तिला?"

दिराने किल्लीवर हात ठेवला. "घरातली गोष्ट आहे, काका. फाडा तो कागद."

"फाडू नका," वहिनी म्हणाली. "डागासकट संघात लावा." तिने त्याची बोटं एकेक करून उचलली आणि किल्ली घेतली.

"उद्या माझी तोड आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "करवत कोण करून देणार?"

तिने फळीवर ओळीने ठेवलेल्या करवतींकडे बोट दाखवलं.

"सहा आहेत पुढे. तुमची सातवी."