'तरी' की 'म्हणून'?

लिफ्टने तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच एक गचका दिला नि थांबली. आत एकटीच होती ती, तिच्या हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घसरला आणि पायाशी पसरला.

तिने होती नव्हती ती सगळी बटणं दाबून पाहिली. मग भिंतीला पाठ टेकून ती स्वतःला समजावू लागली, की आपण पाचव्या मजल्यावरच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारी बाई आहोत, कुकुलं बाळ नव्हे. पण छातीतली धडधड काही तिचं शिक्षण विचारात घेईना.

"आत कोण आहे?" वरून आवाज आला. पुरुषाचा, अगदी निवांत.

"मी!"

"मी म्हणजे किती जण?"

"एकटीच. तुम्ही कोण?"

"लिफ्टचा मेकॅनिक. घाबरलात का?"

"छे."

"मग आवाज का कापतोय?"

"तो... जन्मापासून तसाच आहे."

वर हसल्याचा आवाज आला. "बरं. मला जरा वेळ लागेल. तोवर बोलत राहा. गप्प बसलात की भीती डोक्यावर चढून बसते. काय करता तुम्ही?"

"इंग्रजी शिकवते."

"मग शिकवा की! आज काय शिकवणार होतात?"

आता यावर काय बोलावं? पण गप्प बसण्यापेक्षा बरं. "सांगा बघू," ती वर मान करून म्हणाली, "'तो थकला होता, तरी आला.' हे इंग्रजीत कसं म्हणाल?"

"ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही केम." वर पाना खडखडला. "शाळेत मार खाऊन शिकलोय."

"बरोबर. पण अजून एक तऱ्हा आहे. विशेषण उचलायचं आणि थेट पुढे आणून बसवायचं. टायर्ड ॲज ही वॉज, ही केम."

"म्हणजे आधी थकवा आत शिरला, मग माणूस!"

ती हसली. खरंच हसली, त्या अडकलेल्या डब्यात. आणि तेवढ्यात दार किरकिरत सरकलं. चौथ्या मजल्याची फरशी तिच्या छातीएवढ्या उंचीवर होती. तिथे आधी दिसले ग्रीसने माखलेले बूट, मग टेकलेला गुडघा, मग खाली वाकलेला चेहरा — कपाळावर काळा फराटा आणि डोळ्यांत मिश्किली. त्याने हात पुढे केला, मग स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, तो घाईघाईने पँटला पुसला आणि पुन्हा पुढे केला.

वर आल्यावर तिने इतका मोठा श्वास सोडला, की तो म्हणाला, "मॅडम, जपून... लिफ्ट पुन्हा बंद पडेल."

पुढच्याच आठवड्यात तो क्लासच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला. हात स्वच्छ, केस ओले करून विंचरलेले. त्याची कंपनी परदेशातल्या उंच इमारतींवर माणसं पाठवणार होती आणि मुलाखत इंग्रजीतून व्हायची होती. "काम येतं हो," तो म्हणाला, "बोलायला गेलं की जीभ मध्येच अडकते. दोन मजल्यांच्या मध्ये."

त्याच्या शेजारी बसायच्या पार्लरवाल्या काकू. त्यांच्या मुलाने परदेशी मुलगी केली होती आणि सुनेशी मनसोक्त भांडता यावं म्हणून काकू इंग्रजी शिकत होत्या. या दोघांची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

एकदा तिने ॲजची वाक्यं करायला सांगितली. काकूंनी सुनेवर केलं. मग तो उभा राहिला. "ब्यूटिफुल ॲज द टीचर इज, शी गिव्ज टू मच होमवर्क."

बाकांवर खसखस पिकली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खडूकडे बघत ती म्हणाली, "व्याकरण बरोबर आहे. आशय खोडा."

"कुठला मॅडम? होमवर्कचा?"

काकूंनी पदरात तोंड लपवलं.

"पुढचं ऐका," ती फळ्याकडे वळली. पाठमोरं राहणं जरा सोयीचं होतं. "याच बांधणीचा उलटा अर्थही होतो. टायर्ड ॲज ही वॉज, ही वेंट टु वर्क. थकला होता, तरी कामावर गेला. पण टायर्ड ॲज ही वॉज, ही वेंट टु बेड. इथे 'तरी' नाही. थकला होता, म्हणून झोपला."

"शब्द तेच, अर्थ उलटा? मग ओळखायचं कसं?" त्याने खरंच कळवळून विचारलं.

"पुढचं सगळं ऐकून. अर्ध्यावर निष्कर्ष काढायचा नाही."

लिफ्टमध्ये पाय ठेवायला ती अजून धजत नव्हती, म्हणून क्लास सुटला की जिन्याने उतरायची. तोही बरोबर उतरायचा. "लिफ्टवाला जिन्याने जाताना कुणी पाहिलं, तर माझा धंदा बसेल," असं रोज कुरकुरायचा आणि रोज तिच्या चालीने, एकेक पायरी रेंगाळत यायचा. जिन्यात कुणाच्या तरी ऑफिसातल्या कॉफीचा वास असायचा. वळणावर तिची ओढणी त्याच्या बाहीला लागायची... आणि दोघंही ते न कळल्यासारखं करायचे.

मुलाखत जवळ येत चालली तशी ती त्याची कसून तयारी करून घेऊ लागली. उच्चार, काळ, प्रश्नोत्तरं. एक दिवस तो सलग, न अडखळता आपल्या कामाबद्दल बोलला. तिने टाळी वाजवली, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. आपण जितकं चांगलं शिकवू, तितका हा लांब जाणार! आपल्याला शिकवता येतं याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

पण तिने शिकवण्यात कसूर केली नाही. तसं करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी पेपर तपासत होती. मोबाइल वाजला. त्याचा मेसेज, इंग्रजीत, एकच वाक्य. फॉन्ड ॲज आय ॲम ऑफ धिस टाउन, आय हॅव गिव्हन देम माय आन्सर.

या गावाची ओढ आहे, तरी... तरी मी त्यांना उत्तर देऊन टाकलं.

म्हणजे होकार. तिने वाक्य पुन्हा वाचलं. एकही चूक नव्हती. निदान एखादी चूक तरी करायची मेल्याने! तिने 'अभिनंदन' लिहिलं, पाठवलं, आणि मोबाइल पालथा घातला. त्यावर त्याच्याकडून आलेला हसरा इमोजी तिने नंतर पाहिला, तेव्हा तर तिला रडूच फुटलं.

"काय गं, डोळे का लाल?" आईने विचारलं.

"पेपर... अक्षर फार बारीक आहे मुलांचं."

आईने मुलीकडे पाहिलं, पेपरांकडे पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा क्लासला आला. वर एवढा खूश, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्ही कशाला आलात?" तिने हजेरी मांडता मांडता विचारलं. "सामान बांधायचं असेल ना. विमान कधीचं?"

"कुठलं विमान?"

"तुम्हीच कळवलंत ना, उत्तर दिलं म्हणून."

"दिलं ना. नाही म्हणून दिलं."

तिच्या हातातलं पेन तसंच अधांतरी राहिलं.

"पण... फॉन्ड ॲज आय ॲम... गावाची ओढ असली, तरी..."

"तरी?" तो चक्रावला. "मी 'म्हणून' लिहिलं होतं, मॅडम! ओढ आहे, म्हणून! त्यांनी दोन जागा पुढे ठेवल्या. एक तिकडची, आणि एक इथली, नव्या पोरांना शिकवायची. मी इथली घेतली. तुम्ही अभिनंदन लिहिलंत, मला वाटलं तुम्हालाही..." तो थांबला. "थांबा. तुम्हाला वाटलं मी चाललो? आणि तुम्ही अभिनंदन केलंत?"

"मग काय करणार होते?" तिचा आवाज चिरकला. "जाऊ नका म्हणणार होते?"

म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द सुटून गेले होते.

"अगं बाई माझे," काकू दप्तर आवरत उठल्या, "अर्ध्यावर निष्कर्ष काढायचा नाही म्हणून आम्हाला दम भरतेस, आणि स्वतः? चला रे सगळे, आज क्लासला सुट्टी. टीचरांचा अभ्यास राहिलाय."

बाकं सरकली, चपला वाजल्या, हसण्याखिदळण्याचा घोळका जिन्याने खाली गेला. ती खुर्चीवर मटकन बसली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं. हसू येत होतं आणि डोळे मात्र आपले वाहतच होते.

तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मला पास व्हायची भीती वाटत होती, खरं सांगू? रोज तुम्ही एवढा जीव तोडून शिकवायचात, मला वाटायचं, हिला मी जावं असंच वाटतंय."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला जायचंच आहे."

"दोघंही हुशार!"

ती नाक पुसत हसली. तो मात्र गंभीर झाला. हात पुन्हा पँटला पुसत होता, स्वच्छ असूनही.

"इंग्रजीत नको," तो म्हणाला. "त्यात भलतेच अर्थ निघतात. मराठीत सांगतो. मला तुम्ही आवडता. खूप. यापुढे 'पण' नाही, 'परंतु' नाही, काही नाही... एवढंच वाक्य आहे."

तिने वाक्य पूर्ण ऐकलं. मग आणखी क्षणभर थांबली, उगाच, त्याचा कासावीस चेहरा बघायला.

"मलाही," ती म्हणाली.

त्याने सोडलेला श्वास टेबलावरचे कागद हलवून गेला.

मग तिने मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. "आई, रात्री जेवायला एक माणूस जास्त येतंय."

"कोण गं?"

"ते... आल्यावर सांगते."

पलीकडे कढईत झारा खडखडला. मग आई म्हणाली, "बारीक अक्षराचं का? आण, आण. तिखट चालतं का तेवढं विचारून ठेव."

तिने फोनवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "तिखट चालतं?"

"आज काहीही चालेल," तो म्हणाला.