पाणी वर जात होतं

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या बाईच्या घरात हे घडलं, त्या टेरीसाने आणि मी हडसन नदीकाठच्या ट्रॉय शहरातल्या एकाच शाळेच्या कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षं शेजारीशेजारी उभं राहून काम केलंय. ती पदरचं काही घालून सांगणारी बाई नाही.

आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

जानेवारी महिना होता. हडसन नदी काठाकाठाने गोठली होती. टेकडीवरच्या गल्लीत टेरीसा आणि तिचा नवरा रे सोबोल यांचं जुनं दुमजली घर. तळघरात बॉयलर. त्यात पाणी उकळतं, वाफ पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये चढते, खोली तापवते आणि गार झाली की पाणी होऊन खाली येते. तेच पाणी फिरत राहतं. बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते, तिच्यात पातळी दिसते. अधूनमधून थोडं पाणी घातलं की काम भागतं.

त्या हिवाळ्यात टेरीसाला रोज पाणी घालावं लागत होतं.

सकाळी काच भरलेली असायची...

संध्याकाळी रिकामी.

पाणी संपलं की बॉयलर आपोआप बंद पडायचा आणि घर बर्फ व्हायचं. टेरीसाने सगळं घर धुंडाळलं. कुठे थेंब नाही, कुठे ओल नाही. रेला काहीच वाटायचं नाही. जुनं यंत्र आहे, पितं पाणी, तू घालत जा, एवढंच तो म्हणायचा.

वरच्या मजल्याला कुलूप होतं. तिथे रेची मोठी बहीण बर्नडेट राहायची. टेरीसाचं लग्न व्हायच्या आधीच ती न्यूमोनियाने गेली. याहून जास्त रेने कधी सांगितलं नव्हतं, आणि विचारलेलं त्याला आवडत नसे.

शेवटी एका शनिवारी सकाळी टेरीसाने रेला न विचारताच ऑगीला बोलावलं. ऑगी पालुंबो त्याच गल्लीतला म्हातारा प्लंबर. तोंडाने अखंड बडबड, हाताने काम.

आधी तो अंगणात जाऊन धुराड्याकडे बघत उभा राहिला. बॉयलरला वर कुठे तडा असेल तर वाफ धुराड्यातून निसटते, आणि अशा थंडीत पांढरा ढग दिसतो. ढग नव्हता. मग त्याने आग बंद केली, बॉयलर गळ्यापर्यंत भरला आणि कॉफी पीत बसला. फरशीखालून जाणारा परतीचा पाइप फुटका असता, तर पातळी उतरली असती.

ती जागची हलली नाही.

ऑगीने जास्तीचं पाणी काढलं, पुन्हा आग लावली. खालच्या प्रत्येक रेडिएटरच्या हवेच्या तोटीसमोर आरसा धरला. वाफ निसटत असेल तर आरसा धुरकटतो.

आरसा प्रत्येक वेळी लख्खच राहिला.

दोघं तळघरात परत आले, तर काचेतलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सरकत होतं.

ऑगीची बडबड थांबली.

वाफ वर जातेय आणि परत येत नाहीये, तो म्हणाला. छताजवळून जाणाऱ्या पाइपांवरून हात फिरवत तो भिंतीपाशी गेला. तिथे वरच्या मजल्याचा पाइप कुणीतरी करवतीने कापलेला होता. कापलेल्या तोंडावर झाकण घट्ट बसवलेलं. त्याच्या वर वीतभर रिकामी जागा, आणि मग छतात शिरणारा उरलेला तुकडा. कशालाच न जोडलेला.

ऑगीने त्या तुकड्याला हात लावला...

आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टक्... टक्... टक्...

लोखंडावर चमचा मारल्यासारखा.

टेरीसा म्हणाली, "पाइप तापले की वाजतात ना असे?"

"पाइप असे वाजत नाहीत," ऑगी हळूच म्हणाला. "रेची बहीण वाजवायची. बर्नी."

मग त्याने सांगितलं. आईने घर दोघांच्या नावे ठेवलं होतं. रेला ते एकट्याच्या नावावर हवं होतं, बर्नी सही करेना. म्हणून ऐन हिवाळ्यात रेने तिच्या मजल्याची वाफ तोडली. गारठली की आपोआप जाईल, असं तो गुत्त्यात बसून हसत सांगायचा. बर्नी रेडिएटरवर चमचा ठोकत राहायची. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. रे जिन्यातून ओरडायचा, "बस जरा, येईल ऊब."

"आणि मग एक दिवस ठोकणं थांबलं," ऑगी म्हणाला.

टेरीसाने मागे पाहिलं. रे पायऱ्यांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो चिडला नाही. हसला.

"मेलेल्या बाईला थंडी वाजते होय? थांबा, विचारून येतो."

त्याने किल्ली घेतली. जिना चढल्याचा आवाज आला. कुलूप उघडलं. दार लागलं.

मग... काहीच नाही.

मग फुस्स्स... वाफेचा तो ओळखीचा आवाज. वरून. जिथे वाफ जाऊच शकत नव्हती तिथून.

"टेरी!" रेचा आवाज आला. "बॉयलर बंद कर!"

टेरीसाने बटण दाबलं. आग विझली.

फुस्स्स थांबलं नाही.

बंद बॉयलरच्या काचेत पाणी सरसर उतरत होतं... तळाला गेलं... संपलं.

ती आणि ऑगी वर धावले. दार आतून गच्च होतं. आत रे लोखंडावर काहीतरी ठोकत होता, जीव तोडून. आणि त्या ठोकण्याच्या मध्येमध्ये एका बाईचा आवाज होता. शांत, अगदी समजुतीचा.

"बस जरा. येईल ऊब."

ऑगीने खांद्याने धक्क्यावर धक्के दिले. दार हललं नाही.

टेरीसा म्हणते, तिला काय सुचलं कोण जाणे. तिने दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "बर्नी, मी टेरीसा. मला आत येऊ दे."

दार उघडलं. सहज.

आत वाफ नव्हती.

बर्फ होता.

भिंतींवर, पलंगावर, खिडकीच्या काचांवर, जमिनीवर हातभर जाड, स्वच्छ बर्फ. महिनाभर बॉयलरमधून गेलेलं सगळं पाणी तिथे होतं. त्या सगळ्यात, वाफ तोडलेल्या रेडिएटरला टेकून रे बसला होता. बूट बर्फात रुतलेले. पापण्या पांढऱ्या. हातात चमचा. तो अजून ठोकत होता, पण हात रेडिएटरपर्यंत पोचत नव्हता.

त्याला आत जाऊन पाच मिनिटंही झाली नसतील. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हा माणूस रात्रभर बाहेर पडला होता का? दोन्ही हातांची बोटं काढावी लागली.

त्या दिवसापासून काचेतलं पाणी उतरलं नाही. बर्फ वितळला, पण खालच्या छताला एक डाग पडला नाही. ऑगीने त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. टेरीसा मात्र तिथेच राहते. तिला तिथे भीती वाटत नाही, म्हणते.

रे आता आजारी माणसांच्या एका आश्रमात असतो. गेल्या जुलैमध्ये टेरीसाबरोबर मी त्याला भेटायला गेले. बाहेर अंगाची लाही होत होती. खोलीतही घामाने माझे कपडे अंगाला चिकटले. रे कोट आणि दोन घोंगड्या गुंडाळून खिडकीशी बसला होता.

तो म्हणाला, "हिला सांगा ना जायला."

मी विचारलं, कुणाला?

तो बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. कडाक्याच्या थंडीत निघते तशी.

मी टेरीसाकडे बघितलं. ती रेकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

तिथेही, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर... हवेत वाफेचा एक छोटा ढग उमटला. विरला. पुन्हा उमटला.

मी तिथून निघाले ती पुन्हा कधी गेले नाही.

टेरीसा जाते. दर रविवारी. मी एकदा विचारलं, कुणाला भेटायला जातेस गं?

तिने पिशवीत बायकांची एक जाड लोकरी शाल घडी करून ठेवली आणि निघाली.