यादीत नसलेली ओळ

माझं काम काय ते सांगितलं की लोक जांभई देतात. कंपनीत बाहेरून येणारी ईमेल आत घ्यायची की दारातूनच परत पाठवायची, हे ज्या फाइलवरून ठरतं ती फाइल मी बनवतो. साध्या यादीत डावीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा, उजवीकडे हुकूम: 'येऊ दे' किंवा 'परत पाठव'. पण सर्व्हर ही यादी वाचत नाही, तेवढी सवड त्याला नसते. यादीवरून एक पक्की फाइल बांधावी लागते. सर्व्हर तिलाच पत्ता विचारतो आणि ती क्षणात उत्तर देते. यादी बदलली आणि फाइल बांधायला विसरलात, तर मुसळ केरात. जुनेच हुकूम चालू राहतात.

माझ्या आधीच्या साहेबांनी मला एक सवय लावली होती. फाइल बांधून झाली की तिला असा पत्ता विचारायचा, जो जगात कोणाचाच नाही.

"ती गप्प बसली पाहिजे," ते म्हणायचे. "नको तिथे तोंड उघडणाऱ्या फाइलचा भरवसा धरू नये."

मी विचारायचो तो पत्ता एका नावाचा होता. आमचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, त्याच्यासाठी आम्ही ठरवलेलं नाव. आम्हा दोघांपलीकडे ते कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणाला हे विचित्र वाटेल, पण ते नाव टाइप करायला मला बरं वाटायचं. फाइल गप्प बसायची आणि मी पुढच्या कामाला लागायचो.

एका सकाळी फाइलने उत्तर दिलं. 'येऊ दे.'

मी यादी तपासली. त्या नावाची ओळ नव्हती. फाइल पुसून नव्याने बांधली. तेच उत्तर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बांधली, तरी तेच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला बोलावलं. तिला अख्खं ऑफिस शंकासुर म्हणतं, कारण किती वाजले ते सांगितलं तरी ती स्वतःचं घड्याळ बघते. तिनेही यादी वरपासून खालपर्यंत चाळली.

"ओळ नाही, तर उत्तर कुठून येतंय?"

"काहीतरी घोळ असेल," मी म्हणालो.

"असेल." तिने खुर्ची जरा मागे घेतली.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको दारातच उभी होती. तिला दिवस गेले होते.

"नाव तेच ठेवायचं," ती म्हणाली. "दुसरं मला सुचणारच नाही."

मला इतका आनंद झाला की फाइलचं सांगायचं राहूनच गेलं. पुढे सांगावंसं वाटलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती जिना चढताना मी तिच्या मागे, उतरताना पुढे. "अरे, मी काय काचेची आहे का?" ती चिडवायची. पाचवा महिना सरला, सहावा सरला. फाइल रोज 'येऊ दे' म्हणायची आणि मला रोज त्या उत्तराची भीती वाटायची. माझ्यासारख्या हिशोबी माणसाला अशी भीती कोणापाशी बोलताही येत नाही.

मग तपासणी ठरली. बाहेरची माणसं येऊन फाइल बघणार होती. कारण सांगता येणार नाही असं एकही उत्तर नको, असं साहेबांनी बजावलं. मला आयतंच निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी ते नाव यादीत लिहिलं, समोर 'परत पाठव' लिहिलं, फाइल बांधली आणि विचारलं.

'परत पाठव,' फाइलने मुकाट्याने उत्तर दिलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. चहा घेतला, शंकासुराची थोडी थट्टाही केली.

जेवायला उठणार, एवढ्यात बायकोचा फोन आला.

"तू गेल्यापासून बाळ हललं नाहीये रे."

माझी पाचावर धारण बसली. यादीतली ती ओळ खोडली आणि तसाच धावत सुटलो.

दवाखान्यात डॉक्टरबाई बायकोच्या पोटावरून यंत्र फिरवत होत्या. त्यातून नुसती खरखर येत होती. "थांबा हं जरा," त्या म्हणाल्या, पण आमच्याकडे बघेनात. बायकोने माझा हात घट्ट धरला होता.

तेव्हा मला आठवलं.

ओळ खोडली होती. फाइल बांधली नव्हती.

मी शंकासुराला फोन लावला. "शंका नंतर काढा. फाइल बांधा. आत्ताच्या आत्ता."

पलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली.

"बांधली."

खरखरीतून ठोके आले. भरभर, स्पष्ट.

"हे काय, आहे की!" डॉक्टरबाई हसल्या. "चांगलं धडधडतंय." बायको एकाच वेळी हसत आणि रडत होती. मी भिंतीला टेकलो.

फोन अजून कानाशीच होता.

"ऐकताय ना? ते नाव विचारलं, तर 'येऊ दे' म्हणतेय. म्हटलं, यादीत नसलेल्या अजून कोणाला उत्तर देते बघू. माझा खासगी ईमेलचा पत्ता विचारला, गप्प. साहेबांचा, गप्प. मग वहिनी तुम्हाला ज्यावरून ईमेल करतात तो विचारला."

"मग?"

"'परत पाठव.'"

नर्स बायकोच्या पोटावरचा चिकट थर पुसत होती.

"ती ओळ काढा," मी हळूच म्हणालो.

"तेच तर सांगतेय. यादीत ओळच नाही. काढू काय?"

"कोण आहे रे फोनवर?" बायकोने विचारलं. "आणि ते पांघरूण दे ना जरा. पाय एकदम गार पडलेत."