ओला राणीछाप

ढाणकीत माझं घड्याळाचं दुकान, जोडीला जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री. पण कापसाचे भाव पडले त्या वर्षांत घड्याळ घेऊन फारसं कुणी येत नव्हतं, यायचे ते जुनी नाणी घेऊन. अमुक नाण्याला लाख मिळतात असं कुणीतरी पेपरात वाचलेलं असायचं. घरोघरचे डबे पालथे झाले. प्रश्न ठरलेले: बबनराव, हे किती जुनं, चिंचेनं घासू का, कितीला जाईल? घासू नका बापहो, सांगून माझा घसा बसायचा. चकाकलं की नाण्याचा भाव जातो, हे काही केल्या लोकांच्या गळी उतरत नसे.

गावातला रजत अशाच एका दुपारी आला. आभाळ अंधारलेलं, त्यात लोडशेडिंग, म्हणून काउंटरवर कंदील लावला होता. सोबत त्याची बायको अपेक्षा, तोंडावर पदर घट्ट धरलेली. रजतने राणीछाप रुपया समोर ठेवला. नाणं सुरेख होतं, पण ओलं. मी पुसलं. पुन्हा ओलं झालं. त्याला राखेचा वास येत होता.

कुठं सापडलं, मी विचारलं. पैनगंगेच्या काठी, रजत म्हणाला. अपेक्षा धुणं धूत होती. हात ओले, म्हणून बाया एसटीचे सुटे पैसे दातांत धरतात तसं तिने ते धरलं. त्या काठावर मेलेल्यांची राख सोडतात आणि आमच्याकडे मेलेल्याच्या मुखात नाणं ठेवायची रीत आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून ती बोललेली नव्हती.

"नदीत वापस टाकून दे," मी म्हणालो.

"टाकलं ना काका... घरी येऊन पाह्यतो तं तिच्या तोंडात." त्याने नाणं माझ्याकडे सरकवलं. "तुमीच इकत घ्या. किंमत देऊन गेलं तं जाईन."

आमच्या धंद्यात भाव मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा असतो, त्याशिवाय सौदा होत नाही. नाणं अपेक्षाला सापडलेलं. मी तिला म्हटलं, पोरी, कुठलाही आकडा सांग, मी घेतो.

तिने पदर सोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ हलले आणि आवाज आला तो एका म्हाताऱ्या माणसाचा. थकलेला, शांत.

"माहं हाय... इकाचं नाही."

मी खाली पाहिलं. काउंटरवर नाणं नव्हतं. अपेक्षाचा गाल फुगलेला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी करीन म्हणून. मला काही करता आलं नाही. रजत तिला धरून घेऊन गेला.

पोळ्यानंतर तो एकटाच आला, डोकं भादरलेलं. अपेक्षा गेली, हे पाहूनच कळलं. त्याने काउंटरच्या काचेवर, धुळीत बोटाने लिहिलं: रीतीसाठी तिचं तोंड उघडलं. आत नाणं नव्हतं.

"अरे, लिहून काहून राह्यला? बोल ना..."

त्याने मान हलवली आणि ओठ आणखी घट्ट मिटले. त्याचा गाल फुगलेला होता.