तीन लिटरचा ठावठिकाणा

मलकापुरात पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करणारं आता एकच गॅरेज उरलं होतं, जैतून मुलाणीचं. बाकीच्यांनी केव्हाच बॅटऱ्यांचा धंदा धरला होता. त्या मंगळवारी सकाळी तिथे खराड्यांची बावीस वर्षांची पांढरी गाडी उभी होती आणि पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून अण्णा खराडे बसले होते. त्यांची बायको मालूताई, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर, सारख्या घड्याळ बघत होत्या.

एक वाजता तपासणी केंद्रावर पोचायचं होतं. वीस वर्षांवरची गाडी नापास झाली की तिथूनच परस्पर भंगारात जाते, असा नवा नियम. आणि गाडी गेली तर अण्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोल्हापूरला न्यायचं कशातून? त्यांच्या वाडीवर ना पहाटेची बस, ना चार्जिंगचा खांब.

काम तसं किरकोळ. ऑइल बदलायचं आणि पातळी डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईच्या, दोन खुणांमध्ये ठेवायची. कमी भरलं तरी नापास, जास्त भरलं तरी नापास.

पण ऑइल आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. बाजारात मिळायचं ते फक्त ‘जखमभरू’. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते इंजिनभर फिरून धातू जिथे झिजलाय ती जागा शोधतात आणि तिथे थर धरून बसतात. जैतूनने ते नव्या गाड्यांत बऱ्याचदा घातलं होतं, एवढ्या म्हाताऱ्या गाडीत मात्र पहिल्यांदाच.

तिने जुनं ऑइल काढलं, बूच आवळलं, तीन लिटर मोजून ओतलं, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं आणि चहा सांगितला. ही तिच्या वडिलांची शिस्त. एक कप चहा सावकाश संपेपर्यंत ऑइल वरून निथळून तळाला येतं. त्याआधी डिपस्टिक ओढायची नाही.

चहा संपला. डिपस्टिक ओढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

जैतूनने गाडीखाली वाकून पाहिलं. एक थेंब नाही. पाव लिटर आणखी ओतलं, पुन्हा इंजिन, पुन्हा चहा. पातळी तिथेच. आणखी पाव लिटर, तिसरा चहा. आता मालूताईंना तिघींपैकी कुणाला वेड लागलंय ते कळेना: जैतूनला, गाडीला की त्यांना स्वतःला. चौथ्या कपाला पातळी कशीबशी खालच्या खुणेला टेकली. तीन लिटरच्या गाडीत पावणेचार लिटर गेलं होतं, आणि ते कुठे गेलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

अण्णा तेवढे चहा पीत नव्हते. त्यांना दिवसाला चारच पेले पाणी चालायचं, त्यातच सगळं आलं. त्यामुळे बाकीच्या दोघी कपात बघत असताना ते इंजिनाकडे बघत होते.

“जैतून,” ते म्हणाले, “मी चोरून पाणी प्यायलो की तुझी वहिनी कुठं बघते?”

“तांब्यात,” जैतून म्हणाली.

“नर्स तांब्यात बघत नाही. पायावर अंगठा दाबते. पाणी प्यायलं म्हणून पोटातच असतंय असं नाही, ते सुजेत जाऊन बसतंय. ही गाडी माझ्याच वयाची समज. हिला जखमा किती असतील? तुझं ऑइल तिथं चिकटलंय. तापव जरा.”

जैतूनला ते पटलं असं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने गाडी बाजारपेठेतून हायवेपर्यंत दामटून आणली आणि आल्या आल्या, चहाबिहाची वाट न बघता डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. तापलं की सुटायचं आणि गार होऊ लागलं की पुन्हा जखमांना जाऊन बिलगायचं.

“काढ जादाचं,” अण्णा म्हणाले.

“काढलं तर केंद्रावर कमी दिसणार,” जैतून म्हणाली. “ते दहा मिनिटं थांबूनच मोजतात.”

“मग राहू दे की,” मालूताई म्हणाल्या. “पास झाल्यावर काढ.”

तेही जमणार नव्हतं. केंद्रावर धूर बघायला आधी गाडी रोलरवर जागच्या जागी पंधरा मिनिटं पळवतात. एवढ्या जादा ऑइलचा फेस होऊन तो सील फोडून तिथेच बाहेर आला असता. खरं भरावं तर यंत्र नापास करणार, यंत्राच्या मनासारखं भरावं तर इंजिन मरणार. मालूताईंनी आयुष्यभर भांडणारे प्रवासी उतरवले होते, पण इथे भांडायचं कुणाशी? शेवटी त्यांनीच ‘काढ’ म्हणून मान हलवली. जैतूनने पाऊण लिटर काढून टाकलं.

केंद्रावर कल्याणी डोईफोडे नावाची तरुण तपासनीस होती. धुरात गाडी पास झाली. दहा मिनिटं थांबून यंत्राने आपली बारीक नळी आत सोडली आणि लाल दिवा लागला. मालूताईंनी अण्णांचा हात धरला. जैतूनने अण्णांच्या डायलिसिससकट सगळी हकीकत सांगितली. सांगताना तिची तिलाच ती खोटी वाटत होती.

डोईफोडेने ऐकून घेतलं. गाडी पुन्हा रोलरवर चढवली आणि थांबताक्षणी मोजली. बरोबर वरच्या खुणेला. आता आकडे दोन आणि पडद्यावर ते भरायची चौकट एकच.

“काका, दवाखान्यात तुमचं वजन कधी करतात?” तिने विचारलं.

“आधी आणि नंतर.”

“त्यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही खरंच असतंय, बाई. पण सुया टोचणारी आधी माझ्या तोंडाकडं बघते.”

ती पडद्याकडे वळली. मग दुसरा आकडा भरला, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि एका वर्षाचा हिरवा कागद बाहेर आला. मालूताईंनी तो तिकिटासारखा उलटसुलट करून तपासला.

गाडी फाटकाशी पोचली तेव्हा डोईफोडे मागून चालत आली आणि जैतूनच्या बाजूच्या काचेशी वाकली.

“पुढच्या वर्षी इथं मी नसेन,” ती म्हणाली. “माणसं काढतायत, नुसतं यंत्रच राहणार. त्याला काकांच्या तोंडाकडं बघायला कोण शिकवणार?”