त्रेपन्नावं मिनिट

देवळासमोरच्या चौकात मी स्कूटर थांबवली, वर बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खू काकांच्या थिएटरवर माझ्या सिनेमाचं पोस्टर चढत होतं. काका अजूनही पोस्टरं हाताने रंगवून घेतात, दोन मजले उंच. शाळेत असल्यापासून माझं स्वप्न होतं की एक दिवस तिथे माझं नाव लागावं. पण स्वप्नात हे असलं काही नव्हतं! लालभडक आकाश, ओल्या केसांची एक बाई, तिच्या मागे झुपकेदार मिशांचा माणूस, त्याच्या हातात लखलखता वस्तरा. खाली ज्वाळा आणि ज्वाळांत नाव... 'दुपार'.

माझ्या सिनेमात बाई नाही. ज्वाळा तर नाहीतच. बासष्ट मिनिटं एक न्हावी दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट बघतो आणि गिऱ्हाईक येत नाही, बस्स. आणि तो मिशाळ खुनी म्हणजे माझे बाबा होते!

"ओ! खाली उतरा आधी!"

शिडीवरच्या मुलाने वळून बघितलं. कानामागे ब्रश, गालावर लाल रंगाचा फराटा.

"कोण, मी?"

"नाही, ती ओली बाई! अहो, तुम्हीच!"

तो सावकाश उतरला. हसत होता, त्यामुळे मी आणखीच भडकले.

"सिनेमा बघितलाय का तुम्ही?"

"नाही. तुम्ही?"

"मी बनवलाय तो!"

"अरे वा! मग आवडला असेल." त्याने हात पुढे केला, रंग बघून मागे घेतला. "मी आ-वेन. काकांनी मला एक फोटो दिला. वस्तरा घेतलेला माणूस आणि नाव 'दुपार'. आता सांगा, दुपार बघायला तिकीट कोण काढेल? दुपार सगळ्यांच्या घरी असते, फुकट."

"म्हणून माझ्या बाबांना खुनी केलंत?"

"बाबा आहेत होय ते? चेहरा छान आहे हो. उद्या माणसं येतील, बघा तुम्ही."

"असली माणसं नकोत मला!"

"मग कसली हवीत? न येणारी?"

मी पाय आपटत बाजूला झाले. बाबांना फोन केला, तर ते दुकान बंद करून धावत आले आणि त्या पोस्टरखाली उभं राहून फोटो काढून घेतला. वर म्हणतात कसे, "रुओ-लान, केस किती दाट काढलेत गं माझे!"

घरचेच असे, तर कुणाला काय बोलणार!

तशी मला सवय आहे म्हणा. माझ्या आवडीच्या सिनेमांना फिल्म कॉलेजच्या वर्गातली मुलं 'झोपेचं औषध' म्हणतात. चहा निवेपर्यंत कॅमेरा हलत नाही, असा सिनेमा मी पहिल्यांदा याच थिएटरात पाहिला, पंधरा वर्षांची असताना. बाहेर आले तर समोरची फळवाली नुसती पेरू पुसत होती आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. तेव्हापासून मला दुसरं काही करायचंच नाही. सर मात्र माझा सिनेमा विसाव्या मिनिटाला सोडून उठले. "पंधरा मिनिटांचा कर, तरच कॉलेजतर्फे महोत्सवाला पाठवतो," म्हणाले. मी भांडले. शेवटी ठरलं की खू काकांकडे दोन शनिवार दाखवायचा. लोक शेवटपर्यंत बसले तर आख्खा जाईल, नाहीतर कापायचा.

शनिवारी थिएटर निम्मं भरलं. मंडईतल्या मावश्या तळलेल्या कोंबडीच्या पुड्या घेऊन आल्या होत्या. दहाव्या मिनिटाला पहिली कुजबुज ऐकू आली.

"मारतो कधी गं हा?"

"आणि ती बाई कुठाय?"

मग खुर्च्या करकरायला लागल्या... एक, दोन, आख्खी रांग. बाबा पडद्यावर पंख्याखाली बसले होते आणि त्यांच्यासमोरून माणसं उठून जात होती, अगदी दुकानासमोरून जातात तशीच! मला ते बघवेना. एकेचाळिसाव्या मिनिटाला मीही उठले, बाहेर त्या लाल ज्वाळांखाली उभी राहिले आणि सरांना कळवून टाकलं — कापते.

आठवडाभर कापत बसले. सर सिनेमा भराभर पुढे पळवत म्हणाले, "त्रेपन्नावं मिनिट आधी काढ, तिथे काहीच घडत नाही." तिथे बाबा बाकावरून उठतात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात, स्वतःच्याच गळ्यात टॉवेल बांधतात आणि आरशात बघतात. मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते आपणहून बसले होते आणि मी कॅमेरा चालूच ठेवला होता. ते मिनिट पुसताना मी त्या आ-वेनला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. त्याच्या खोट्या बाईमुळे लोक आले आणि खरे बाबा बघून निघून गेले.

पुढच्या शनिवारी पंधरा मिनिटांचा सिनेमा पेनड्राइव्हवर घेऊन मी चौकात आले आणि वर बघितलं...

लाल आकाश गेलं होतं. फिकट हिरवी भिंत, जसे आहेत तसे बाबा, गळ्यात टॉवेल. ते आरशात बघत होते आणि आरशातून थेट माझ्याकडे.

आ-वेन शिडीच्या पायथ्याशी बसला होता. आठवडाभर झोप नसल्यासारखा.

"हे काय केलंस तू?" माझा आवाज चिरकला. "माझ्या सिनेमाचा शेवट आख्ख्या गावाला सांगून टाकलास! चौकात! दोन मजली!"

"बघ, म्हणजे मी तो शेवटपर्यंत बघितलाय."

"कधी?"

"गेल्या शनिवारी. तुझ्या मागच्या रांगेत होतो. तू एकेचाळिसाव्या मिनिटाला पळालीस."

"मी पळाले नाही!"

"पळालीस. स्वतःच्या बाबांना एकटं टाकून. आम्ही बसलो, मी आणि कोंबडीवाल्या दोन मावश्या. त्यातली एक टॉवेल पाहून रडली आणि मला म्हणाली, 'तुझं पोस्टर खोटं आहे रे मेल्या.'" तो नखातला हिरवा रंग टोकरत राहिला. "रुओ-लान... इतकी वर्षं फोटो बघून रंगवतोय. रंगवायच्या आधी नीट बघावं, असं पहिल्यांदाच वाटलं. सिनेमा... आणि तुलाही."

मी पोस्टरकडे बोट दाखवत भांडायलाच लागले.

"टॉवेलची गाठ चुकलीय. ते डाव्या खांद्यावर बांधतात."

"उजव्या."

"डाव्या!"

"मग चल, बघू या."

मुठीतला पेनड्राइव्ह मी पिशवीच्या तळाशी ढकलला. काकांना म्हटलं, "गेल्या शनिवारचा आख्खाच लावा." सरांना काय सांगायचं ते नंतर बघू.

त्या दुपारी माणसं कमीच होती. बाबा पहिल्या रांगेत, दोन मावश्या पुन्हा आलेल्या, बरोबर तिसरी. कोंबडीची पुडी या वेळी कुणी उघडली नाही. एकेचाळिसावं मिनिट आलं, तेव्हा आ-वेनने माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही.

बाबा पडद्यावर बाकावरून उठले आणि नेमका तेव्हाच टर्पेंटाइनचा वास असलेला एक हात माझ्या हातावर आला.

"आत्ता नाही," मी चिडून कुजबुजले. "समोर बघ!"

हात लगेच मागे गेला. गाठ उजव्याच खांद्यावर होती. कुणाचीही खुर्ची करकरली नाही.

त्रेपन्नावं मिनिट संपलं, तेव्हा अंधारात चाचपडत मी त्याचा हात शोधला आणि दिवे लागले तरी सोडला नाही.