कोपऱ्यापर्यंतचं चालणं

चेहरा तिने अगदी शेवटी पाहिला. आधी पाहिली ती त्याची पावलं... नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर उमटलेली. उजवं फिकट, डावं ठसठशीत, उजवं फिकट, डावं ठसठशीत, अशी दारापासून थेट तिच्या टेबलापर्यंत.

"डावा पाय आखूड आहे तुमचा," मान वर न करताच ती म्हणाली. "कमरेत कळ येत असेल. बसा, जोडे काढा."

"काढतो की," वरून आवाज आला. "पण मी आलोय तो या पिशवीचा पट्टा तुटला म्हणून. बाहेर चामड्याच्या कामाची पाटी दिसली. म्हटलं, दोन टाके घालून मिळतील."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. वाऱ्याने विस्कटलेले केस, हसू दाबून धरलेले डोळे आणि डाव्या काखेत ही एवढी थोरली पिशवी! त्याने पिशवी खाली ठेवली, दारापर्यंत चालत गेला आणि परत आला. दोन्ही पावलं सारखी.

"आता बोला."

आतल्या शिवणयंत्रामागून आत्या खदखदून हसली. "हरलीस गं पोरी! पिशवीलाच पाय समजलीस!"

ती कानापर्यंत लाल झाली. "चालून बघितलं नाही ना मी," ती पुटपुटली. "म्हणून चुकलं."

"चालून?"

मग तिला सांगावंच लागलं. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, आजाराने पाय वाळलेल्यांसाठी, पडून हाड वाकडं जुळलेल्यांसाठी इथे जोडे होत. कारखाना वडिलांचा. ते गेल्यावर ती आणि आत्या दोघीच चालवत. वडिलांची एक रीत होती. नुसतं माप घेऊन तळ कापायचा नाही. आधी गिऱ्हाइकाच्या शेजारून, त्याच्या दुखऱ्या बाजूने, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गप्पा मारत जायचं आणि परत यायचं. माणूस बोलण्यात रमला की पाय खोटं बोलत नाहीत. मग एक कच्चा जोड करायचा. तो गिऱ्हाइकाने घालून, झिजवून परत आणायचा. तळ कुठे घासला ते बघून मगच पक्का जोड. वडील म्हणत, देवाने प्रत्येकाची चाल निराळी घडवली, मग आपण कोण सगळ्यांना एका साच्यात घालणारे?

"मग चला की माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत," तो म्हणाला.

"धडधाकट माणसाला इथे जोडा मिळत नाही."

"म्हणजे तुमच्या शेजारून चालायचं तर आधी पाय मोडून घ्यायचा?"

"जीभ बघा याची," आत्या आतून म्हणाली. "हिला टाका घाल गं आधी, पट्ट्याला मागाहून."

पिशवीत जोड्यांचे नमुने होते. गावोगावी दुकानं असलेल्या एका कंपनीसाठी तो माल शोधत हिंडे. पट्टा शिवून होईपर्यंत तो फडताळावरचे जोडे एकेक करून हातात घेत राहिला. शेवटचा जोडा त्याने ठेवला तो इतका अलगद, की तिची सुई क्षणभर थांबलीच.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. पट्टा शाबूत होता. आत्याने त्याचं नाव ठेवलं पिशवीवाला. तो तिला मालकीणबाई म्हणू लागला, तेही अशा सुरात की तिला राग येऊ नये आणि आल्याशिवाय राहूही नये.

मग एके दिवशी त्याने कंपनीचा प्रस्ताव टेबलावर ठेवला. सगळ्या दुकानांसाठी माल हवा. आखूड पायाखाली द्यायच्या उंचवट्याचे तीन ठरलेले साचे, नवी यंत्रं, चार नवे कारागीर. कच्चा जोड नाही, चालणं नाही. तेवढा वेळच उरणार नव्हता.

"तुमचं काय मत?" तिने विचारलं.

तो बराच वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिला. "तुम्हाला हो म्हणायला लावणं हे माझं काम. पण... माणूस म्हणून विचारत असाल तर आधी एकाच दुकानापुरतं करा. जमतंय का बघा. कुठे हात आखडतो, कुठे चूक होते ते कळू द्या. मग पुढचं पाऊल."

"आणि एकाच दुकानापुरतं केलं, तर तुम्ही इथे किती वेळा याल?"

"वर्षातून एखाद्या वेळी."

"आणि सगळ्या दुकानांचं घेतलं तर?"

त्याने वर पाहिलं. हसला नाही. "दर आठवड्याला. माल बघायला यावंच लागेल."

बाहेर वारा पाटीला झोंबत होता, पाटी भिंतीवर टकटक आपटत होती. तिने लेखणी उचलली आणि सगळ्या दुकानांसाठी सही केली. तो काही बोलला नाही. बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण आनंदाने त्याची वाचाच बसली होती, तिथे तो तरी काय करणार?

आत्या मात्र त्या संध्याकाळी देवापुढे जरा जास्तच वेळ हात जोडून उभी राहिली. "वाढावं गं धंद्याने, का नाही वाढावं?" ती म्हणाली. "पण तू मघाशी हिशेब कशाचा केलास, ते त्याला ठाऊक, तुला ठाऊक आणि मलाही ठाऊक."

यंत्रं आली. त्यांच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना, म्हणून गुरुवारी तो तिच्या कानाशी वाकून बोले. डिंकाचा उग्र वास, चामड्याची धूळ आणि मानेपाशी त्याचा श्वास... "मालकीणबाई, टाके तिरपे चाललेत." "तुम्ही लांब उभे राहा, सरळ येतील." असे ते दिवस. नवे कारागीर हाताचे चांगले होते, पण गिऱ्हाइकाच्या शेजारून चालायला त्यांना कोणी शिकवलंच नाही. शिकवायला वेळ कुणाला होता?

गल्लीत एक मास्तर राहत. शाळेतून निवृत्त झालेले, उजवा पाय लहानपणापासून वाळलेला. चालताना सतत शीळ घालत, म्हणून सगळे त्यांना शीळवाले मास्तर म्हणत. काठी आणि शीळ एका तालात. ती शीळ ऐकली की आत्याला वाटे, देवच सकाळचा फिरायला निघालाय. वडिलांच्या वेळेपासून त्यांचे जोडे इथलेच.

मास्तर नवा जोड करून घ्यायला आले तो नेमका गुरुवार होता. दाराशी सून त्यांचा हात धरून उभी.

"चल गं ताई, कोपऱ्यापर्यंत," मास्तर म्हणाले. "मध्ये महिनाभर अंथरुणाला होतो. बघ जरा, माझी गाडी कशी चालते ती."

तिने घड्याळाकडे पाहिलं. तो येण्याची वेळ झाली होती. "मास्तर, तुमचं माप माझ्या डोक्यात पक्कं आहे हो. साचाही तुमच्याच उंचीचा आहे. चालायची काही गरज नाही आता."

"नाही?" मास्तरांचा चेहरा पडला. "मला तेवढ्याच गप्पा होत्या."

आजारात त्यांचा चांगला पाय, डावा, खचला होता. उजव्या जोड्याची जुनी उंची आता जास्त होत होती. ती शेजारून चालली असती, तर पहिल्या झाडापाशीच तिला कळलं असतं.

नव्या जोड्यांत मास्तर घराचा जिना उतरताना पडले. खुब्याचं हाड मोडलं. शीळ थांबली ती थांबलीच. हिवाळा सरता सरता मास्तर गेले.

सुनेने जोडे परत आणून टेबलावर ठेवले. रडून रडून तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. "त्यांचा तोल जातोय हे मला कळत होतं," ती म्हणाली. "रोज शेजारून मीच चालत होते ना. पण म्हटलं, ताईंना कळेलच. आपण कशाला शिकवायचं?"

इतकंच बोलून सून गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती त्या जोड्यांपुढे बसून राहिली. तळ जवळजवळ कोरा होता. आत्याने एकेक यंत्र बंद केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर आत्याला मागे ठेवून ती एकटीच दोनदा मास्तरांच्या घरी जाऊन आली. दार उघडलं नाही.

तिने कंपनीला कळवलं, यापुढे माल मिळणार नाही. तयार माल परत मागवला. यंत्रं येईल त्या भावाने विकली. कारागिरांना समोर बसवून सांगितलं, "वाढायचं मला अजूनही आहे. पण आधी चालणारी माणसं वाढवायची, मग जोड. ज्याला शिकायचंय त्याने राहावं. मोबदला थोडा मिळेल." एकच राहिला. तिने एकापासूनच सुरुवात केली.

आणि गुरुवार नसताना पिशवीवाला आला. काखेत पिशवी नव्हती.

"काम सोडलं?" आत्याने विचारलं.

"त्यांनीच सोडवलं." तो तिच्यासमोर बसला. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. "तुम्ही सही केलीत त्या दिवशी मी गप्प बसलो. मास्तर... मलाही झोप लागत नाही." मग हळूच म्हणाला, "चालणारी माणसं हवीत ना तुम्हाला? मला शिकवा. इथेच राहतो."

तिचा जीव नुसता गोळा होऊन डोळ्यांत आला. हो म्हणायला एक शब्द पुरे होता.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही दर आठवड्याला याल म्हणून सही केली होती मी. दुसरं काहीही बघितलं नव्हतं. तुम्ही आवडता मला... इतके आवडता, की माझे डोळे चालत नाहीत. आता तुम्हाला इथे ठेवलं, तर ते कामासाठी ठेवलं की माझ्यासाठी, हे मलाच कळणार नाही. कळेल तेव्हा बघू. आज नाही."

तो उठला. "दुसऱ्या गावी एक काम मिळतंय. संध्याकाळच्या गाडीने जातो." दाराशी जाऊन वळला. "पण एकदा... कोपऱ्यापर्यंत?"

ती उठली. त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली. बारीक झिमझिम चालली होती, रस्ता रिकामा होता.

"पिशवी नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तरी डावीकडे झुकता."

"त्या बाजूला तुम्ही आहात."

"थट्टा नको. खांदाच तसा झालाय. इतकी वर्षं ओझं वाहून."

"म्हणजे आता मला जोडा मिळेल?"

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. कोपऱ्यापाशी दोघं थांबली, रीतीप्रमाणे वळली.

दुपारभर तो आत्याशेजारी बसून राहिला आणि ती त्याचा कच्चा जोड शिवत राहिली. घाई केली नाही. टाका सरळ आला नाही तिथे उसवून पुन्हा घातला. संध्याकाळी तिने स्वतः गुडघ्यावर बसून त्याच्या पायात जोडे चढवले, नाडी बांधली. गाठ मारून झाल्यावरही हात तसाच राहिला थोडा वेळ.

"हा कच्चा आहे," ती म्हणाली. "ठेवून घ्यायचा नसतो. झिजला की परत आणावा लागतो."

"किती दिवसांनी?"

"चालाल तसा झिजेल."

"मग मी खूप चालेन," तो म्हणाला.

ती कोपऱ्यापर्यंत गेली, पुढे गेली नाही. डोळे पुसून त्याची पाठमोरी चाल बघत राहिली... प्रेमाने बघत होती, आणि कामाच्या नजरेनेही. दोन्ही नजरा आज पहिल्यांदाच एकमेकींच्या आड येत नव्हत्या. खांदा बराच सरळ झाला होता. पण ओल्या रस्त्यावर डावी टाच अजून किंचित जास्त वाजत होती.

म्हणजे यावं लागणार होतं त्याला.